जंतनाशक गोळी देताना: नव्या अंगणवाडी ताईंसाठी

ताई, सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत तुम्ही प्रथमच जंतनाशक गोळ्या देणार आहात, तेव्हा अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी घरी न पाठवता आपल्यासमोरच चावून खायला लावा. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला मात्र अर्धीच गोळी, तीही पूड करून पाण्यात कालवून द्यावी, कारण ती घशात अडकण्याची धास्ती मला आजही वाटते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. जंत जास्त असल्यास थोडा वेळ मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, हे आईला आधीच सांगावे. गोळीने पोटातले जंत मरतात, मातीतली अंडी नव्हे. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याविषयी, आणि अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या त्वचेतून शिरत असल्याने चपलांविषयीही, प्रत्येक गृहभेटीत न कंटाळता बोलत राहा.