बेळगावच्या कॉलेजात आहे, एनसीसीही करतो. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ रायफल नेमबाजीला कसं जायचं?

थेट नाही, विद्यापीठाच्या संघातूनच जावं लागतं. तुझं बहुधा राणी चन्नम्मा विद्यापीठ असेल. आधी कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टर सरांना गाठ, निवड चाचणीची तारीख कळली की सांगा म्हणून मागे लाग. नोटीस बोर्डावर विसंबू नको. माझं एक वर्ष तसंच गेलं. कागद लागला तो चाचणी झाल्यावर!

आणि एनसीसीत पॉइंट टू टू (.22 बोअरची रायफल) मारलीस म्हणून स्पर्धेतली एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा सोडणारी, सोपी समजू नको. तिथं झोपून मारतोस, इथं उभ्यानं, 10 मीटरवरून, 75 मिनिटांत 60 छर्रे. दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. पाचेक किलोची रायफल दंडाच्या जोरावर धरलीस तर विसाव्या छर्ऱ्यालाच हात थरथरतो. डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकव, वजन हाडांतून पायात उतरू दे. हे जमायलाच दोन-तीन महिने जातात. रेंजवर रोज अर्धा तास छर्रा न भरता नुसता घोडा दाबायचा सराव कर. कंटाळा येतो, पण गुण तिथंच वाढतात.

नेमबाजीचं जाड जॅकेट महाग असतं. मापाचं मिळालं तर पहिल्या वर्षी एखाद्या सीनियरकडून उसनं घे.