वाळूत जायचंय? मग आधी टायरची हवा काढायला शीक

गाडी घेतलीस, झकास. पण लगेच विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), लाइटबार, रूफ रॅकच्या मागं लागू नकोस. वाळूत विंच बांधायला झाड कुठंय राव?

पहिला खर्च प्रेशर गेज, म्हणजे टायरमधला हवेचा दाब मोजायचं यंत्र, आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणाऱ्या कंप्रेसरवर कर. लायटरच्या सॉकेटवरचा स्वस्तातला मोठे टायर भरताना दमतो. ३२ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) १८ च्या आसपास उतरलास की टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी सहजासहजी रुतत नाही. १५ च्या खाली झटक्यात वळवलीस तर टायर रिममधून निसटू शकतो.

मग लांब दांड्याचं फावडं, रिकव्हरी बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या पट्ट्यांची) जोडी, जॅकखाली ठेवायला जाड फळी. गाडी ओढायची दोरी रिकव्हरी हुकलाच, म्हणजे त्यासाठीच बसवलेल्या मजबूत हुकलाच लावायची. टो बॉलला, म्हणजे मागं ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही. तुटला तर गोळीसारखा येतो.

भीमेच्या पात्रात सरावाला गेलास तर उजनी धरणातून पाणी सोडलंय का, आधी विचार. काठच्या काळ्या रानात मात्र पावसानंतर जाऊच नकोस, तिथं यातलं काही चालत नाही. चाक जागेवर फिरलं की ॲक्सिलरेटर सोड आणि फावडं काढ. पुणे हायवेला लागण्याआधी हवा भर, नाहीतर टायर तापून फुटेल.