पेस्ट राहू द्या, आधी कूलर नीट बसलाय का ते बघा

नवीन पीसी असेंबल केलाय, गेम चालू केला की प्रोसेसर लगेच ९५ डिग्रीच्या वर जातो, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरच्या कूलरच्या मधे लावतात ती) दोनदा बदलून झाली, आता दुकानदार म्हणतोय लिक्विड कूलर (पाण्यातून उष्णता नेणारा) टाका, तर टाकू का, असा तुमचा प्रश्न आहे. नका टाकू. निदान आत्ता तरी नका टाकू. हेच "लिक्विड टाक" आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा चाललं होतं म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून लिहितोय.

माझा आतेभाऊ अकोल्यात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. त्याचा सीझन म्हणजे एप्रिल-मे, म्हणजे बरोबर अकोल्याचा पारा ४४-४५ ला टेकलेला असतो तेव्हा. त्याने मशीन मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात असेंबल करून घेतली, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल आली, आणि पहिल्याच लग्नाचा एक्सपोर्ट लावला तर प्रोसेसर १०० वर आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, धाडकन खाली. सहा कोरचा साधा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्याच्या खोक्यातलाच कूलर. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करणं) समोर लाल अक्षरात येस. तिकडे नवरीच्या वडिलांचे फोन सुरू की व्हिडिओ कधी देताय.

दुकानदार फोनवर म्हणाला उन्हाळा आहे, होतं असं, लिक्विड बसवून घ्या. आमचे भाऊजी पुण्यात आयटीत आहेत, त्यांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की मी आधीच सांगितलं होतं, असेंबल करायचाच नाही, ब्रँडेड घ्यायचा, आता २४० मिलिमीटरच्या रेडिएटरवाला लिक्विड कूलर टाका म्हणजे सुटाल. आणि आतेभावाच्या मित्रांनी पेस्ट बदल, पेस्ट बदल करत ती बदलवूनही झाली होती. एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा तापमान चढतं कसं? झटक्यात चढतं की हळूहळू?

माझ्या मते सगळ्यात पहिला प्रश्न हाच, आणि तुम्हालाही हाच विचारतो. लोड दिल्यावर एक-दोन सेकंदात ४५ वरून ९५-१०० होत असेल तर उष्णता प्रोसेसरवरून कूलरमध्ये जातच नाहीये, म्हणजे कूलर टेकलेला नाही, वाकडा बसलाय किंवा तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलीये. आणि सुरुवातीला ७० वर ठीक चालून दहा-पंधरा मिनिटांत चढत चढत ९० ला जात असेल तर कूलर टेकलाय पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. ते तपासायला बाजूचं पॅनल काढून तोच गेम परत लावा, चांगला सात-आठ डिग्रीचा फरक पडला तर दोष हवेचा. दोन्ही आजार वेगळे आहेत आणि पेस्ट बदलणं हा दोन्हींवरचा उपाय नाही, पेस्ट थोडी कमी-जास्त झाली तर दोन-चार डिग्री इकडेतिकडे होतात, वीस-पंचवीस नाही होत.

तर अकोल्याची मशीन दोन सेकंदात १०० ला जात होती. मी पुढचं काही न बघता मागचं पॅनल उघडलं, कारण बहुतेक कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या मागे सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या) जागी मोठी खिडकी कापलेली असते आणि तिथून पुश-पिनवाल्या (पिना दाबून बसवायच्या) कूलरचे चारही पाय दिसतात. प्रत्येक पांढऱ्या पायाच्या दोन पाकळ्या बोर्डाच्या भोकातून पूर्ण बाहेर येऊन फाकलेल्या पाहिजेत आणि मधे काळी पिन दिसली पाहिजे. तीन पाय बरोबर होते. चौथ्याची काळी पिन आलेलीच नव्हती, पाकळ्या भोकातच अडकलेल्या. वरून बघितलं तर चारही पिना दाबलेल्या दिसतात म्हणून कोणालाच कळलं नाही. कूलर काढला तर पेस्ट एका कोपऱ्यात जाड आणि समोरच्या कोपऱ्यात पार पुसल्यासारखी पातळ. मुंबईतच बसली नव्हती की गाडीत हलून निघाली ते सांगता येत नाही.

बोर्ड बाहेर काढला, खालून पिना यायला जागा राहील असा ठेवला, पिनांची डोकी बाणाच्या उलट दिशेला शेवटपर्यंत फिरवली (बाणाची दिशा काढण्यासाठी असते, बसवण्यासाठी नाही, इथे निम्मे लोक फसतात), आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या पिना एकदम दाबल्या, मग उरलेल्या दोन. चार क्लिक ऐकू आले पाहिजेत आणि नंतर कूलर हाताने हलवला तर हलता कामा नये. कॅबिनेटच्या आत हे करूच नका, दाबताना बोर्ड वाकतो आणि बसला असं वाटतं.

अर्धा तास एक्सपोर्ट चालवला, ८३ वर स्थिर. थ्रॉटलिंग बंद. त्याच रात्री लग्नाचा व्हिडिओ निघाला.

तर भाऊजी म्हणतात ८३ म्हणजे काय कमी आहे का, माझा ६६ च्या वर जात नाही, लिक्विड आहे ना. आता इथे मी ऐकून घेतलं नाही. अकोल्याच्या त्या खोलीत तेव्हा ४० डिग्री होतं आणि भाऊजी एसी २४ वर लावून बसतात. ८३ मधून ४० काढा, ६६ मधून २४ काढा. ४३ आणि ४२! कूलर खोलीच्या तापमानावर किती वाढ होऊ देतो हे मोजायचं असतं, नुसता आकडा मोजून काही कळत नाही. लिक्विडवालासुद्धा उष्णता पाण्यातून रेडिएटरला नेतो आणि शेवटी खोलीच्याच हवेत टाकतो, खोली ४० असेल तर तोही ४० च्या खाली जाऊच शकत नाही. त्यांचा प्रोसेसर मोठा आहे, जास्त वॅट खातो, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मला मान्य आहे, पण ते वॅट बघतच नव्हते आणि खोलीही बघत नव्हते. विदर्भात राहणाऱ्याने पुण्याच्या एसीतले आकडे बघून घाबरू नये एवढंच मला म्हणायचंय, आणि पुण्यातल्याने आम्हाला सल्ला देताना आधी आमच्याकडे किती तापलंय ते विचारावं.

ब्रँडेडचं पण बोलतो. त्यातलाही प्रोसेसर त्याच भौतिकशास्त्राने तापतो. बऱ्याच ब्रँडेड डब्यांत मागे एकच छोटा पंखा असतो, आणि बोर्ड किंवा पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचा निघाला तर बाहेरचा पार्ट बसत नाही. असेंबल केलेल्या मशीनमध्ये एक पिन दाबली की काम झालं, एक रुपयाही लागला नाही.

नंतर एक गोष्ट अजून निघाली. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यात होतं, मागे भिंत. बाहेर काढून मोकळं ठेवलं तर दुपारचा आकडा अजून खाली आला. मशीन डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर मात्र ठेवू नका, ओली हवा आणि पाण्याचे शिंतोडे थेट आत जातात, आमच्याकडे लोक सर्रास ठेवतात.

आता तुमचं. तुम्ही प्रोसेसर कोणता ते लिहिलंच नाहीये आणि सगळं उत्तर तिथे अडलंय. एएमडीच्या रायझन ७००० मधला एक्सवाला असेल, ७६००एक्स, ७७००एक्स वगैरे, तर पूर्ण लोडवर ९५ हा त्याचा ठरवलेला आकडाच आहे, एएमडीनेच तसं सांगितलंय, तो ९५ पर्यंत जाऊन जमेल तितका क्लॉक काढतो. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतं ते सेटिंग) इको मोड, म्हणजे कमी वॅटवर चालवायचा पर्याय, लावा, परफॉर्मन्स थोडासाच जातो आणि तापमान बरंच उतरतं. गेममध्येच लगेच ९५ होत असेल तर मात्र माउंटिंग बघाच, गेम प्रोसेसरला पूर्ण लोड देत नाहीत. इंटेल असेल तर पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वॅट खाऊ द्यायचे ती मर्यादा, बघा. आय-फाईव्ह १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण टर्बोत (वेग वाढवून चालताना) तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, आणि १३७००के तर २५३ पर्यंत. काही बोर्डांवर पहिल्यांदा बायोस उघडलं की कूलर कोणता असं विचारतात, तिथे घाईत वॉटर कूलर निवडलं की लिमिट जवळजवळ उठतंच आणि बॉक्समधला बिचारा कूलर मार खातो.

कॅबिनेटला पुढून सलग काच असेल तर तिच्यामागचे तीन आरजीबी पंखे दिसायलाच आहेत. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, पुढचा पंखा उलटा तर नाही ना तेही बघून घ्या.

लिक्विड कधी घ्यावा? १३७००के सारखा प्रोसेसर असेल आणि तासन्‌तास रेंडर चालत असेल तर खुशाल घ्या, नाहीतर दोन पंख्यांचा चांगला टॉवर एअर कूलर पुरतो आणि त्यात पंप नसल्यामुळे पंप बिघडायचा प्रश्नच नाही.

आणि हो, एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर कूलर सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. तुम्ही हे दोनदा केलंय म्हणताय, तर बसवण्याआधी प्रोसेसरच्या पिना उजेडात धरून एकदा बघून घ्या.