सगळ्या पावत्या एकदम मेमरीत ओढू नकोस

भाऊ, रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी ॲप करतोयस ना, मग टेस्टिंग कमी रॅमच्या फोनवरच कर. हंगामाच्या सगळ्या पावत्या एका लिस्टमध्ये भरल्यास, तर असा फोन दम टाकणारच. अँड्रॉइडचा कर्सर, म्हणजे डेटाबेसमधल्या ओळी वाचून देणारा भाग, तसं करत नाही: एसक्यूलाइटमधल्या (फोनमधल्या छोट्या डेटाबेसमधल्या) ओळी साधारण २ एमबीच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत घेतो, पुढे सरकलास की तोच बफर नव्याने भरतो. म्हणून घडाचे फोटो टेबलात कोंबू नकोस. एकच ओळ त्या बफरपेक्षा मोठी झाली, तर ती वाचताना ॲप क्रॅश होतं. फोटो फाइलमध्ये ठेव, टेबलात फक्त पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता. ओळी ५०-५० माग, पण ऑफसेटने, म्हणजे ‘पहिल्या इतक्या ओळी सोड’ असं सांगून नको. तो मागच्या सगळ्या ओळी ओलांडत बसतो. शेवटच्या पावतीचा आयडी धर आणि त्यापुढच्या माग. बेरीज एसक्यूएललाच (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेलाच) करू दे, आणि काम झालं की कर्सर लगेच बंद कर.