डिप्लोमा प्रोजेक्टसाठी इंधनावरची आरसी (रिमोटवर चालणारी) कार: नायट्रो इंजिन घ्यावं की पेट्रोल?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि बजेट बेताचं असेल, तर सरळ पेट्रोल. नायट्रो इंजिन दिसायला भारी, पण त्याला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचं मिश्रण लागतं. ते पंपावर मिळत नाही, आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात संपलं की बसा बोंबलत.

गवत कापायच्या मशीनचं जुनं 26 सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन शोधा. त्यात सेंट्रिफ्युगल क्लच आयताच असतो, म्हणजे आयडलला गाडी जागची हलत नाही. रेस दिली की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. व्हायव्हात हमखास हेच विचारतात. इंजिन मात्र नेहमीच्या छोट्या आरसी कारच्या चासीवर बसणार नाही; चासी स्वतःच बनवा, साधारण 1:5 मापाची.

सर्व्हो (रिमोटच्या सिग्नलप्रमाणे फिरणाऱ्या छोट्या मोटर) दोन: एक स्टिअरिंगला, दुसरा थ्रॉटल आणि ब्रेकला. गाडीतल्या, रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरला फेलसेफ हवाच. सिग्नल तुटला की सर्व्होने थ्रॉटल बंद करून ब्रेक लावला पाहिजे. रिसीव्हरची बॅटरी उतरली तर मात्र फेलसेफही गप्प, म्हणून कार्ब्युरेटरचा थ्रॉटल बंदकडे ओढणारी स्प्रिंग आणि इंजिन बंद करणारा वेगळा किल स्विच ठेवा. पहिली चाचणी चाकं अधांतरी ठेवून, उघड्यावर घ्या. वर्कशॉपमध्ये धूर केलात तर सर वैतागतील, ते वेगळंच.