वाचकांचे प्रश्न : तेरेखोल नदीपलीकडचा गोवा

प्रश्न (पेडणे येथील एका वाचकांकडून) : तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा आहे, असे शाळेत शिकवले जाते. मग तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात कसा? आणि ही सीमा मुळात केव्हा ठरली?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. आज आपण ज्याला गोवा म्हणतो, त्या प्रदेशाची ही आखणी प्राचीन नाही. कदंबांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, येथे होती आणि अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळात ती जुवारीकाठच्या गोपकपट्टणास आली; परंतु त्यांची सत्ता आजच्या सीमांत मावणारी नव्हती, आणि उत्तरेस तेरेखोलच्या खाडीशी ती थांबण्याचे काही कारणही नव्हते. पुढे विजयनगर, 1472 मध्ये महमूद गावानाच्या स्वारीनंतर बहमनी आणि त्यानंतर विजापूरची आदिलशाही अशा घाटावरच्या सत्तांनी गोवे बंदर आळीपाळीने आपल्या ताब्यात ठेवले. त्यांना हवे होते ते बंदर आणि तेथे उतरणारे अरबी घोडे.

25 नोव्हेंबर 1510 रोजी आफोंस द आल्बुकेर्क याने शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती प्रामुख्याने तिसवाडी बेट आले. 1543 मध्ये बारदेश व साष्टी त्यांना मिळाले. या तीन महालांना जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतात, आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे जवळजवळ एवढाच होता. त्याची उत्तर सीमा चापोरा नदी होती, तेरेखोल नव्हे. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता आणि तेरेखोलचा किल्लाही सतराव्या शतकात त्यांनीच बांधलेला होता. खाडीच्या मुखावर, समुद्र आणि नदी दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतील अशा टेकाडावर तो उभा आहे. आत शिरणारे प्रत्येक गलबत तेथून दिसते, यावरून बांधणाऱ्याचा हेतू कळतो.

1746 मध्ये व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मैदा याने वाडीकरांविरुद्ध मोहीम काढून प्रथम हळर्णचा आणि नंतर तेरेखोलचा किल्ला घेतला. या स्वारीचे लिस्बनमध्ये इतके कौतुक झाले की त्याची मूळची कास्तेलु नोव्होचा मार्केश ही पदवी बदलून तो ‘आलोर्नाचा मार्केश’ झाला; आलोर्ना हे हळर्णचेच पोर्तुगीज रूप. आपल्याच तालुक्यातल्या हळर्ण गावाच्या नावाने पोर्तुगालमधले एक उमराव घराणे ओळखले जाते, हे पेडणेकरांनाही बहुधा ठाऊक नसते. 1764 मध्ये तेरेखोलची डागडुजी झाली.

येथे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. किल्ला पोर्तुगीजांनी घेतला तो सीमा नदीवर होती म्हणून नव्हे, तर शत्रूच्या खाडीच्या तोंडावर आपले ठाणे असावे म्हणून. नदीच्या अलीकडचा पेडणे महाल त्यांच्याकडे कायमचा आला तो बऱ्याच नंतर, 1788 मध्ये, जेव्हा कोल्हापूरकरांविरुद्ध साहाय्याची गरज असलेल्या सावंतवाडीच्या खेम सावंतांनी तो त्यांना दिला. तत्पूर्वी 1781-82 मध्ये डिचोली व सत्तरी गेली होती, आणि दक्षिणेकडे सौंदेकर राजाचे फोंडे, सांगे, केपे, काणकोण हे महालही याच शतकाच्या उत्तरार्धात आले. म्हणजे पेडण्याला लागून असलेली नदी सीमा झाली तेव्हा पलीकडचा किल्ला आधीपासूनच पोर्तुगीजांचा होता, आणि जिंकलेले ठाणे केवळ नकाशा सरळ दिसावा म्हणून कोणी सोडत नाही. 1961 नंतर गोव्याच्या सीमा जशाच्या तशा राहिल्या, त्यामुळे आजही तेरेखोलला जमिनीवरून जायचे तर महाराष्ट्रातील रेडीकडून वळसा घ्यावा लागतो. एरवी केरीहून फेरीबोट.

या किल्ल्याविषयी एक साल मात्र दुरुस्त करणे आवश्यक आहे. बेर्नार्द पेरिश द सिल्वा या गोमंतकीयाच्या समर्थक सैनिकांची येथे कत्तल झाली, ती घटना पर्यटकांसाठीच्या माहितीत सर्रास 1825 ची म्हणून दिली जाते. पेरिश द सिल्वा गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे प्रमुख प्रशासक, झाले ते जानेवारी 1835 मध्ये आणि काही दिवसांतच त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यानंतरची ही कत्तल दहा वर्षे आधी घडणे शक्यच नाही. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला, त्याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी बरोबर आढळते.

प्रश्न (म्हापसा येथील एका वाचकांकडून) : चापोऱ्याचा किल्ला एवढा मोक्याचा असताना पोर्तुगीजांनी तो का सोडून दिला?

उत्तर : वरील उत्तरातच याचे कारण येऊन गेले आहे. चापोरा हा बारदेशचा सीमेवरचा किल्ला. म्हणूनच संभाजी महाराजांच्या स्वारीत तो मराठ्यांनी घेतला, 1717 मध्ये पोर्तुगीजांनी तो नव्याने बांधला, 1739 मध्ये वाडीकरांनी जिंकला आणि 1741 मध्ये तो पोर्तुगीजांना परत मिळाला. 1788 मध्ये पेडणे त्यांच्याकडे आल्यावर मात्र चापोरा नदीच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता झाली आणि पलीकडे तोफा रोखून धरण्यासारखे कोणी उरले नाही. तरीही शिबंदी लगेच हलली नाही; 1892 मध्ये किल्ला रिकामा करण्यात आला.