दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम चढतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की गाडी थंड असताना व्यवस्थित चालते, पण अर्ध्या तासाने दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) एकदम चढतो आणि मग धक्का बसून गिअर पडतो. गॅरेजमध्ये स्कॅनरही (गाडीच्या कंट्रोलरमधले, म्हणजे कॉम्प्युटरमधले, बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न लावता 'गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करू', म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करू, असं सांगितलंय. माझं मत विचाराल तर आत्ता उतरवू देऊ नका. ओव्हरहॉल लागेलही कदाचित, पण ते ठरवण्याइतकं अजून कोणी काही तपासलेलंच नाही.

तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेली) ऑटोमॅटिक आहे असं धरून लिहितो. एएमटी, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच अशा वेगळ्या प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही.

आरपीएम चढणं आणि धक्का बसणं हे दोन वेगळे बिघाड समजू नका. गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. पकडणाऱ्या क्लचला ऑइलचा दाब कमी किंवा उशिरा मिळाला, तर मधल्या वेळात इंजिन मोकळं फिरतं आणि आरपीएम चढतो. मग क्लच पकडतो तेव्हा तो फरक एकदम भरून निघतो, तोच तुम्हाला बसणारा धक्का. म्हणजे प्रश्न एकच आहे: तिसऱ्याच्या क्लचला दाब का मिळत नाही?

गरम झाल्यावर त्रास वाढतो, हा महत्त्वाचा धागा आहे. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून किंवा व्हॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातल्या) झिजलेल्या जागेतून दाब निसटतो. उलट, थंड असताना त्रास आणि तापल्यावर ठीक, असं असतं तर कडक झालेल्या रबरी सीलवर मी आधी संशय घेतला असता.

सुरुवात ऑइलच्या पातळीपासून करा, आणि ती नीट मोजा. बहुतेक गाड्यांत डिपस्टिक असेल तर गिअरबॉक्स तापलेला, गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू आणि लिव्हर पी (पार्क) मध्ये असताना मोजायचं असतं. काही कंपन्या इंजिन बंद करून मोजायला सांगतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे ऑइल ठरावीक तापमानाला आलं की खालचा प्लग उघडून पातळी बघतात, आणि ते तापमान स्कॅनरवर वाचावं लागतं. अंदाजाने हे होत नाही.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण माझ्या स्वतःच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. लक्षणं तुमच्यासारखीच, शिवाय वळणावर जास्त जाणवायची. मेकॅनिकने इंजिन बंद ठेवून डिपस्टिक बघितली आणि 'ऑइल फुल आहे' म्हणाला. इंजिन बंद केलं की ऑइल खाली पॅनमध्ये उतरतं आणि पातळी खोटी वर दिसते. इंजिन चालू ठेवून मोजलं तेव्हा जवळपास लिटरभर कमी निघालं. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या होजच्या जोडातून ते हळूहळू झिरपत होतं. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढायचा, आणि फेसाळलेलं ऑइल दाब धरत नाही. होज बदलला, ऑइल भरलं, त्रास गेला. गिअरबॉक्स उतरवण्याचं जवळजवळ ठरलं होतं, हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

पातळी बघतानाच थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर टाका. लाल किंवा जरा तपकिरी चालतं. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच घसरून तापलेत. गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट त्यात मिसळतंय. मग गाडी अजिबात चालवू नका.

त्यानंतर स्कॅनर, पण फक्त इंजिनचे कोड वाचणारा नको. ट्रान्समिशनच्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा हवा. नुसता पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये आणखी कोड आहे, तो वाचा' एवढाच. पी०७३३ म्हणजे तिसऱ्याचं गुणोत्तर जुळत नाही, तुमच्याकडे याचीच शक्यता मला जास्त वाटते. पी०७५० च्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे, म्हणजे गिअर बदलताना ऑइलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे. कोड पुसण्याआधी सगळे लिहून ठेवा, पुसले की धागा हरवतो.

आता एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. सहा गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिघांना एकच क्लच वापरतात. म्हणून गाडी तापल्यावर ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) टाका आणि तो पडायला वेळ लागतो का बघा. चौथ्यातून पाचव्यात जातानाही आरपीएम चढतो का, तेही बघा. दोन्हीकडे त्रास असेल तर संशय त्या क्लचवर किंवा त्याच्या सीलवर जातो. आर झटक्यात पडत असेल, पाचवाही ठीक असेल आणि फक्त दोन-तीनच बिघडत असेल, तर सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीकडे बघायला हवं, आणि बऱ्याच गाड्यांत ते काम पॅन उघडून, गिअरबॉक्स न उतरवता होतं. सगळेच गिअर घसरत असतील तर पंप, फिल्टर किंवा मुख्य दाब. दाब मोजायला गेज लावण्याची जागा असेल तर मोजून घ्याच.

वायरिंगही बघून घ्या. गिअरबॉक्सचा कनेक्टर काढा. आत ऑइल झिरपलेलं किंवा पिनांवर गंज दिसला तर आधी ते दुरुस्त करा. बॅटरी कमजोर असेल किंवा अर्थिंग सैल असेल तरी कंट्रोलर विचित्र वागतो.

पॅन उघडला तर आतलं मॅग्नेट बघा. त्यावर बारीक राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. धातूचे चकचकीत तुकडे किंवा तळाशी क्लचच्या मटेरिअलचा काळा गाळ निघाला, तर मात्र ओव्हरहॉलचा सल्ला बरोबर ठरतो. तसं झालं तर टॉर्क कन्व्हर्टर नवा किंवा खात्रीने दुरुस्त केलेला बसवायला सांगा आणि कूलर व त्याच्या नळ्या धुऊन घ्या. जुना कचरा तिथे राहिला तर नव्या क्लचचीही तीच गत होते.

ऑइल बदलायचं ठरलं तर कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच घाला. पॅनमधून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा बदलावं लागतं. त्यानंतर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन (कंट्रोलरने चालता चालता शिकून ठेवलेला दाबाचा हिशेब) रीसेट करून घ्या. कंट्रोलर जुन्या घसरणीच्या हिशेबाने दाब देत राहिला, तर दुरुस्ती नीट होऊनही धक्के येतात आणि माणूस पुन्हा गॅरेजकडे वळतो.